‘हे खरे आहे काय?’ : आमदार-खासदारांच्या प्रश्नाला धार कशी लावायची

विधानसभेतला प्रश्न म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गदारोळ येतो. पण प्रश्नाचे खरे काम शांतपणे, कागदावर चालते. आमदाराची सूचना विधिमंडळ सचिवालयात स्वीकृत झाली की ती मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे जाते, तिथून कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या शाखेकडे, आणि कार्यासन खाली जिल्ह्याला, समजा कोल्हापूरला, विचारते: जिल्हाधिकारी कार्यालयाला, पाटबंधारे विभागाला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला. महिनोन्‌महिने न हललेली फाईल त्या दिवशी टेबलावर येते, कारण उत्तराखाली मंत्र्याचे नाव लागणार असते. राज्यघटनेच्या कलम १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असते आणि कलम ७५ नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला. या जबाबदारीचे रोजचे, हातात धरता येणारे रूप म्हणजे प्रश्न.

हा मजकूर दोघांसाठी आहे: लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात प्रश्न तयार करणाऱ्यांसाठी, आणि गावाकडून, संघटनेकडून आमदाराकडे विषय घेऊन जाणाऱ्यांसाठी. प्रश्न सभागृहात आमदार विचारतो, पण त्याचा कच्चा माल बहुतेक वेळा गावातूनच जातो. तो कच्चा राहिला तर उत्तरात वाटाण्याच्या अक्षता मिळतात.

आधी दार ठरवा

कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. लोकसभेचे दोन, कोल्हापूर आणि हातकणंगले. शिवाय विधान परिषद आहे, आणि तिचा विसर फार लोकांना पडतो. पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली आणि सोलापूरबरोबर कोल्हापूरही येते. स्थानिक स्वराज्य संस्थांचा आमदार वेगळा. म्हणजे एका गावाला किमान चार-पाच दारे उघडी असतात.

हे माहीत असणे कधी उपयोगी पडते? आपला आमदार मंत्री असेल तेव्हा. मंत्री प्रश्नांना उत्तरे देतात, विचारत नाहीत. मग शेजारच्या मतदारसंघातल्या किंवा परिषदेतल्या सदस्याकडे जायचे. त्यात कमीपणा काही नाही. कोणताही सदस्य राज्यातल्या कोणत्याही भागाबद्दल विचारू शकतो. एकाच विषयावर तीन-चार सदस्यांनी, शक्यतो वेगवेगळ्या पक्षांच्या, सूचना दिल्या तर त्या एकत्र केल्या जातात आणि सगळ्यांची नावे एकाच प्रश्नावर लागतात. सभागृहात मग उपप्रश्न विचारायला एकापेक्षा जास्त माणसे उभी राहतात. पाणी आणि ऊस या दोन विषयांवर दहाही आमदारांचे मतदार एकाच कृष्णा खोऱ्यातले आहेत. तिथे हे जमवणे अवघड जाऊ नये.

दुसरी पायरी, विषय राज्याचा की केंद्राचा. इथे चूक झाली की प्रश्न दारातच अडतो. रेल्वे, विमानतळ, साखर निर्यात, एफआरपीचा, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर भावाचा, दर हे विषय खासदाराचे. एफआरपी वेळेत मिळाली की नाही, थकबाकी वसूल झाली की नाही, हे पुण्यातल्या साखर आयुक्तालयाचे काम, म्हणून आमदाराचे. महापालिकेची गटारे तुंबली हा थेट शासनाचा विषय नाही. ‘कोल्हापूर शहरात नालेसफाई का झाली नाही’ असे विचारले तर तो स्थानिक संस्थेचा विषय म्हणून बाजूला पडू शकतो. तोच विषय नगरविकास विभागाला असा विचारा: त्या कामासाठी राज्याने किती अनुदान दिले, कोणत्या तारखेला, त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आले का, लेखापरीक्षणात कोणते आक्षेप निघाले. पैसा शासनाचा असेल तर हिशेब विचारण्याचा अधिकारही सभागृहाचा.

न्यायप्रविष्ट बाब हा तिसरा अडसर. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय शिरोळ तालुक्यात दर पावसाळ्यात निघतो. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० साली पाणीसाठ्याची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला मुभा दिली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. उंचीचा निर्णय बरोबर की चूक, असे विचारले तर प्रश्न अस्वीकृत होण्याचा धोका मोठा. पण राज्याने कर्नाटकाला कोणत्या तारखांना पत्रे पाठवली, पावसाळ्यात दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांच्या किती बैठका झाल्या, विसर्गाची माहिती किती तासांनी मिळते, हे कामकाजाचे प्रश्न आहेत. त्यांना जागा मिळते.

तारांकित, अतारांकित आणि बाकीची हत्यारे

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकांना तारांकिताचे आकर्षण असते, आणि तिथेच पहिली चूक होते. आकडेवारीचा मोठा तक्ता मागणारा प्रश्न तारांकित म्हणून दिला तर तो अतारांकितात टाकला जातो. टिकला तरी मंत्री ‘माहिती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आली आहे’ एवढे सांगून बसतो.

दोन अधिवेशनांची जोडी लावणे हीच पक्की पद्धत. पहिल्या अधिवेशनात अतारांकित प्रश्नाने आकडे काढायचे. पुढच्या अधिवेशनात त्याच आकड्यांवर तारांकित टाकायचा: ‘एवढे झाले हे आपणच सांगितले आहे, मग पुढचे का झाले नाही?’ आता ‘हे खरे नाही’ म्हणायची सोय विभागाला उरत नाही, कारण आकडा त्याचाच असतो.

लोकसभेचे गणित वेगळे. तिथे रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर येतात. राज्यसभेत १५ आणि १६०. खासदाराला एका दिवसासाठी लोकसभेत पाचपेक्षा जास्त सूचना देता येत नाहीत, किमान पूर्ण १५ दिवस आधी सूचना लागते आणि प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. क्रम सोडतीने ठरतो. त्यामुळे तारांकित यादीत नाव येणे आणि वरच्या पाच-सहांत येणे, दोन्हीत नशिबाचा भाग आहे. खालच्या क्रमांकाच्या प्रश्नांवर चर्चेची वेळ येत नाही, त्यांचे उत्तर पटलावर ठेवलेले समजले जाते. म्हणून प्रश्न असा लिहायचा की तोंडी चर्चा झाली नाही तरी छापील उत्तर कामाला यावे.

महाराष्ट्रात अधिवेशने वर्षातून साधारण तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्न स्वीकारण्याच्या तारखा सचिवालय आधी जाहीर करते आणि त्या अधिवेशनाच्या कितीतरी आधी येतात. बहुतेक लोक आमदाराकडे अधिवेशन सुरू झाल्यावर जातात. तोपर्यंत तारांकिताची वेळ निघून गेलेली असते आणि हातात उरते लक्षवेधी सूचना. ती विधानसभेत नियम १०५ आणि परिषदेत नियम १०१ खाली देतात. अलीकडच्या, निकडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी ती आहे. मंत्री निवेदन करतो आणि त्यावर प्रश्न विचारता येतात. नदीत मासे मेले, पुलाला भगदाड पडले, अशा वेळी ती योग्य. दहा वर्षे रखडलेल्या योजनेसाठी लक्षवेधी वापरली तर ‘यात नवे काय’ म्हणून ती मागे पडते.

मिळालेले उत्तर अपुरे असेल तर अर्धा-तास चर्चा मागता येते: विधानसभेत नियम ९४, परिषदेत नियम ९२, लोकसभेत नियम ५५. अट एवढीच की मुद्दा आधीच्या उत्तरातून निघालेला असावा. हे हत्यार फार कमी वापरले जाते, आणि ते चुकते. उपप्रश्नाला मिळणाऱ्या मिनिटभरात जे मावत नाही ते तिथे मांडता येते.

‘असल्यास’ची साखळी

आता मुख्य काम. महाराष्ट्रात प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे. पंचगंगेवर तो असा लिहिला जातो:

(१) कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगा नदी मोठ्या प्रमाणावर प्रदूषित झाली असून नागरिकांच्या आरोग्यास धोका निर्माण झाला आहे, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय,
(३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

वाचायला नीटनेटका, पण आतून पोकळ. पहिल्या भागात दोन विधाने आहेत: नदी प्रदूषित आहे, आणि आरोग्याला धोका आहे. विभाग लिहितो, ‘हे अंशतः खरे आहे.’ कोणता अंश ते सांगत नाही. दुसरा आणि तिसरा भाग ‘असल्यास’ला टांगलेले. पहिल्याला ‘हे खरे नाही’ म्हटले की पुढच्या तिन्हींना एकच ओळ पुरते: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ चार भागांचा प्रश्न एका ‘नाही’ने आडवा होतो. आणि ‘कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ यातल्या ‘वा’मुळे काहीच न करता ‘उपाययोजना प्रगतीपथावर आहेत’ असे लिहायची मोकळीक आपणच देतो.

साखळी तोडा. प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा करा. तोच विषय, अतारांकित प्रश्न म्हणून:

(१) महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मागील १२ महिन्यांत पंचगंगा नदीवरील कोणकोणत्या ठिकाणांहून पाण्याचे नमुने घेतले, आणि प्रत्येक नमुन्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजण्यास लागणारा प्राणवायू) व विद्राव्य प्राणवायूचे प्रमाण किती आढळले, महिनावार,
(२) या कालावधीत जयंती नाला व दुधाळी नाला यांतील सांडपाणी प्रक्रियेविना नदीत मिसळत असल्याचे मंडळाच्या पाहणीत कोणत्या तारखांना आढळले,
(३) जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम ३३-अ अन्वये कोणाकोणास निर्देश दिले, किती रकमेची बँक हमी घेतली व त्यापैकी किती जप्त केली,
(४) निर्देशांचे पालन न करणाऱ्यांवर खटला दाखल केला असल्यास त्यांची संख्या, व दाखल न केल्यास त्याची कारणे काय आहेत?

यात ‘प्रदूषित’ हा शब्दच नाही. त्याची गरज नाही. आंघोळीयोग्य पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि विद्राव्य प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नको, हा ठरलेला निकष आहे. नृसिंहवाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते आणि भाविक स्नान करतात, तिथला महिनावार आकडा उत्तरात आला की निष्कर्ष कुणी वेगळा सांगायला नको. विशेषणाशी वाद घालता येतो. स्वतःच्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी विभागाला वाद घालता येत नाही.

‘हे खरे आहे काय’ वापरूच नये असे नाही. कधी कधी साच्याप्रमाणे तसे लिहावे लागते. तेव्हा पहिल्या भागात एकच विधान ठेवा, त्याला तारीख आणि कागद जोडा, आणि निदान एक भाग तरी ‘असल्यास’शिवाय सुटा लिहा. पहिला भाग पडला तरी तो जिवंत राहतो.

नेमके काय मोजायचे

विभागाच्या पळवाटा ठरलेल्या आहेत, म्हणून त्यांच्यावरचे उपायही ठरवून ठेवता येतात.

कोल्हापूरचा आकडा विचारला आणि पुणे विभागाचा दिला, ही नेहमीची गोष्ट. म्हणून ‘तालुकावार’ हा शब्द प्रश्नातच घाला. बारा तालुके आहेत. गगनबावड्याची कमतरता करवीरच्या आकड्यात झाकली जाते. वर्षाचा आकडा मिळाला की पावसाळा आणि उन्हाळा एकमेकांत मिसळतात, म्हणून ‘महिनावार’.

पैशाबद्दल ‘किती निधी दिला’ असे कधीही विचारू नका. तरतूद, वितरण आणि खर्च या तीन वेगळ्या रकमा आहेत. अर्थसंकल्पात तरतूद झाली, वित्त विभागाने अर्धीच वितरित केली, आणि खात्याने त्यातला थोडा भाग मार्चअखेरीस खर्च केला, असे सर्रास घडते. ‘निधी दिला’ म्हटले की विभाग तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा लिहितो. तिन्ही एकाच वाक्यात मागा.

बांधकामासाठी पाच गोष्टी: कार्यारंभ आदेशाची तारीख, कराराची मुदत, आजवरच्या मुदतवाढी व त्यांची कारणे, ठेकेदाराकडून वसूल केलेला दंड, आणि आजअखेर अदा रक्कम. ‘काम प्रगतीपथावर आहे’ हे वाक्य या पाचांसमोर टिकत नाही. दंड शून्य आणि मुदतवाढी चार असल्या तर पुढच्या अधिवेशनाचा तारांकित प्रश्न तयारच आहे.

उसाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ सांगतो की ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. एफआरपीवरचे बहुतेक प्रश्न थकबाकीवर थांबतात. हंगामाच्या शेवटी थकबाकी फिटलेली दिसते आणि उत्तर येते, ‘संबंधित कारखान्यांनी रक्कम अदा केली आहे.’ पण कधी? प्रश्न व्याजावर न्या: १४ दिवसांनंतर पैसे देणारे कारखाने कोणते, प्रत्येकाने सरासरी किती दिवस उशीर केला, त्या उशिराचे १५ टक्के व्याज किती होते आणि किती शेतकऱ्यांना प्रत्यक्ष मिळाले. साखर आयुक्तांनी आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा आदेश, कोणत्या तारखेला काढला आणि त्यावर तहसीलदारांनी किती रक्कम वसूल केली, हेही वेगवेगळे विचारा. आदेश निघणे आणि वसुली होणे यांत कधी कधी अख्खा हंगाम निघून जातो. शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतकऱ्याच्या सोसायटीच्या कर्जावर मात्र त्या काळात व्याज चढत असते. म्हणूनच हा एक आकडा सभागृहाच्या कामकाजात नोंदला जाणे मोलाचे आहे.

पुराबाबतही हेच. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ‘मदत दिली काय’ एवढेच विचारले तर उत्तर ‘होय’. त्याऐवजी: पाणी ३९ फुटांवर गेल्यापासून ४३ फुटांपर्यंत पोहोचायला किती तास लागले, त्या तासांत कोणत्या गावांना किती वाजता स्थलांतराची सूचना दिली, पंचनामे किती, मंजूर किती, आणि मदत बँक खात्यात जमा झाल्याची शेवटची तारीख कोणती. तारखा मागितल्या की उशीर आपोआप बाहेर येतो.

आमदाराकडे जाताना हातात काय असावे

प्रश्नातल्या विधानाच्या खरेपणाची जबाबदारी विचारणाऱ्या सदस्यावर असते. म्हणून नुसते बातमीचे कात्रण घेऊन गेलात तर शहाणा आमदार हात आखडता घेतो. त्याच्या स्वीय सहायकाच्या हातात हे द्या: एका पानाची टिपणी, प्रश्नाचा मसुदा, आणि प्रत्येक विधानाखाली एक कागद. शासन निर्णय असेल तर त्याची तारीख आणि सांकेतांक. पत्रव्यवहार असेल तर जावक क्रमांक.

कागद नसेल तर आधी माहितीचा अधिकार वापरा. २००५ च्या कायद्याने ३० दिवसांत माहिती द्यायची असते. प्रश्नाची मुदत जवळ आल्यावर अर्ज टाकून उपयोग नाही. हिवाळी अधिवेशनासाठीचा अर्ज पावसाळी अधिवेशन संपता संपता पडला पाहिजे. माहिती नाकारली गेली तर तो नकारही कामाचा कागद आहे. तोच मुद्दा अतारांकित प्रश्नातून विचारायला सांगा.

भाषा कोरडी ठेवा. ‘अधिकाऱ्यांच्या संगनमताने’, ‘जाणीवपूर्वक दुर्लक्ष करून’ असे शब्द प्रश्नात आले की तो आरोप होतो. तर्क, आरोप, उपरोध, विशेषणे आणि खाजगी माणसाच्या चारित्र्यावरचा शेरा प्रश्नात चालत नाही. मतही विचारता येत नाही: ‘शासनास असे वाटते काय’ हा प्रश्न कोणत्याच अर्थाने उपयोगाचा नाही. आधीच उत्तर मिळालेला प्रश्न जसाच्या तसा दिला तरी तो अस्वीकृत होतो. कालावधी बदला किंवा पुढचा टप्पा विचारा.

पैशाचा संबंध प्रश्नाशी कधीही, कोणत्याही रूपात येऊ देऊ नका. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात लोकसभेतल्या दहा आणि राज्यसभेतल्या एका सदस्याची हकालपट्टी झाली. ठेकेदाराच्या प्रतिस्पर्ध्याने लिहून दिलेला प्रश्न आमदारापर्यंत नेणे हेसुद्धा त्याच वाटेवरचे पाऊल आहे. अशा प्रश्नाने एका ठेकेदाराच्या जागी दुसरा येतो, रस्ता खड्ड्यातच राहतो.

उपप्रश्न: एक श्वास, एक मुद्दा

तारांकित प्रश्न लागला की छापील उत्तर सभागृहात येण्याआधी सदस्याच्या हाती येते. तो वेळ थोडा असतो आणि सोन्यासारखा असतो. त्या वेळात एकच काम करायचे: उत्तरातले एक वाक्य शोधायचे, ज्यात आकडा नाही, तारीख नाही किंवा कर्ता नाही. ‘निर्देश देण्यात आले आहेत’ या वाक्यात कर्ता गायब आहे. उपप्रश्न तयार झाला: ‘कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला?’

लांबलचक भाषण करून शेवटी तीन प्रश्न विचारणारा सदस्य मंत्र्याचे काम सोपे करतो. मंत्री तिघांतल्या सर्वांत सोप्याला उत्तर देतो आणि बसतो. त्याच्या हाती विभागाने पूरक माहितीची जाड फाईल दिलेली असते. तिच्यात लांब प्रश्नांची तयारी असते. छोट्या, नेमक्या प्रश्नाला मात्र ‘होय’, ‘नाही’ किंवा तारीख, यापलीकडे वाट नसते. पंचगंगेच्या उत्तरात बँक हमी घेतल्याचे लिहिले असेल आणि जप्तीबद्दल मौन असेल, तर उपप्रश्न एवढाच: ‘घेतलेल्या हमीपैकी एक रुपया तरी जप्त केला का?’ शेजारच्या मतदारसंघाचा आमदार लगेच पुढचा विचारतो: ‘नसेल तर हमीची मुदत संपण्याची तारीख कोणती?’ हे दोघांनी आदल्या संध्याकाळी ठरवलेले असावे.

प्रश्नाने काय घडू शकते याचे आपल्या संसदेतले जुने आणि ठळक उदाहरण म्हणजे मुंद्रा प्रकरण. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने एका उद्योगपतीच्या कंपन्यांचे समभाग घेतल्याबद्दल लोकसभेत प्रश्न आला. पहिले उत्तर गुळमुळीत होते, पण फिरोझ गांधी आणि इतर सदस्यांनी ते सोडले नाही. न्यायमूर्ती छागलांचा आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. विचारणारे फिरोझ गांधी सत्ताधारी पक्षाचे होते. सत्ताधारी आमदाराकडे प्रश्न घेऊन जायला संकोच करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उत्तर आल्यावर

बहुतेक प्रश्न इथेच मरतात. उत्तराची बातमी छापून येते, आमदाराच्या पानावर चित्रफीत चढते, आणि कागद फाईलीत जातो. खरे तर आता कुठे काम सुरू होते.

उत्तर हातात घेऊन तीन रंगांनी खुणा करा. एक, जे कबूल केले. दोन, जे टाळले. तीन, जे देऊ केले. तिसऱ्या रंगातली वाक्ये सर्वांत महत्त्वाची. ‘तपासून पाहू’, ‘चौकशी करण्यात येत आहे’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘एक महिन्यात बैठक घेऊ’ ही सारी आश्वासने आहेत आणि त्यांचा पाठपुरावा करायला सभागृहाची स्वतंत्र आश्वासन समिती असते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करावे असा तिथला दंडक आहे. विधानसभा आणि परिषदेतही अशा समित्या आहेत. आमदाराच्या पत्रासह, उत्तराची तारीख, प्रश्न क्रमांक आणि नेमके वाक्य उद्धृत करून समितीला लिहा. समिती विभागाच्या सचिवाला साक्षीसाठी बोलावू शकते. सचिवासमोर ठेवायला तुमच्याकडे प्रत्यक्ष जागेचे ताजे, तारीख असलेले फोटो असले पाहिजेत.

कबूल केलेल्या भागाची प्रत जिल्ह्याच्या कार्यालयात न्या. वर मंत्र्यांनी ‘काम पूर्ण’ असे सांगितले आणि खाली कार्यकारी अभियंता ‘निधीअभावी प्रलंबित’ म्हणतो, तर दोन्ही लेखी घ्या. उत्तर चुकीचे असल्याचे कागदावर सिद्ध होत असेल तर विशेषाधिकार भंगाची सूचना ही पहिली पायरी समजू नका. हेतुपुरस्सर दिशाभूल केल्याचे दाखवणे कठीण असते आणि सूचना फेटाळली गेली की विषयही मागे पडतो. आधी दुरुस्ती मागा. लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली खासदाराला मंत्र्याच्या उत्तरातली चूक लेखी दाखवून देता येते. विधानसभेत सदस्य अध्यक्षांना पत्र देऊन तीच मागणी करू शकतो. मंत्र्याने उत्तर सुधारले की जुने आणि नवे, दोन्ही कामकाजात राहतात.

मतदारसंघाच्या कार्यालयात एक साधी वही ठेवा: प्रश्न क्रमांक, उत्तराची तारीख, दिलेले आश्वासन, त्याची मुदत, जागेवरची स्थिती पाहिल्याचा दिवस आणि कोणी पाहिली त्याचे नाव. शेवटचा रकाना पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाचा. तो प्रश्न सूचनेची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री लिहू नका. जागा पाहून आल्यावर त्याच दिवशी लिहा. जयंती नाल्यावर सांडपाणी वळवणारा पंप बंद दिसला, तर वेळ, तारीख आणि पंपाचा क्रमांक त्या रकान्यात संध्याकाळच्या आत चढला पाहिजे.